धाकटीसारखं बाथरूम

मावशीनं आमचं नवं बाथरूम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. मावशी गप्प झाली म्हणजे तिच्या पोटात दुखायला लागलंय, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही कळतं. ती आधी दारात उभी राहिली. मग आत गेली, नळ सोडला, बंद केला, फरशीवर अनवाणी पाय घासून पाहिला आणि शेवटी गळ्यातला टेप काढून सरळ दार मोजायला लागली.

टेप तिच्या गळ्यात असतोच. ती कपडे शिवते. भाजी आणायला जाते तेव्हाही टेप गळ्यात, दवाखान्यात जाते तेव्हाही गळ्यात, म्हणून तिच्या गल्लीत तिला सगळे टेपमावशी म्हणतात. माझ्या आईची ही थोरली बहीण.

"केवढं गं हे दार!" ती म्हणाली. "हत्ती पाळणार आहेस का?"

"हल्ली अशीच दारं करतात, ताई," आई पलंगावर बसूनच म्हणाली.

"आणि उंबरा?"

"उंबरे कोण ठेवतं आता?"

मावशीनं भिंतीवरचे स्टीलचे दांडे धरून हलवले. ते हलले नाहीत याचाही तिला राग आला. "टॉवेल वाळत घालायला एवढे जाड दांडे?"

"भारीतले आहेत."

भिंतीला लावलेली बसायची फळी दिसली तेव्हा मात्र तिचा आवाज चिरकला. "बसून अंघोळ करणार तू? वा राणीसाहेब! पाय दुखतात का उभं राहून?"

आई हसली. मग मावशी बेसिनपाशी गेली. खाली कपाट नाही, सगळं मोकळं, आणि वर आरसा भिंतीला सरळ न बसवता वरून थोडा पुढे झुकवलेला. मावशीनं त्यात स्वतःला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मान तिरकी केली, पोट आत घेतलं. "कळलं," ती म्हणाली. "असा तिरका लावला की माणूस बारीक दिसतं. काय काय सुचतं बाई लोकांना."

मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होते आणि तो खाली आपटावासा वाटत होता. राग दोघींचाही येत होता. कारण त्या बाथरूमचा नकाशा मी काढला होता, नकाशे काढणं हीच माझी नोकरी आहे, आणि त्यातली एकही गोष्ट हौसेसाठी नव्हती.

आईच्या पायांतली ताकद जात चालली होती. हळूहळू, पण जात चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे दुखणं मागे फिरत नाही, आज भिंत धरून चालताय, उद्या काठी लागेल आणि मग चाकाची खुर्ची. तेव्हा घराची तयारी आत्ताच करून ठेवा. म्हणून खुर्ची जाईल एवढं दार. म्हणून उंबरा नाही. म्हणून दांडे, फळी, खरखरीत फरशी, आणि गुडघे आत जातील असं मोकळं बेसिन. बसलेल्या माणसाला तोंड दिसावं म्हणून आरसा झुकलेला. हे सगळं मी ऑफिसात बसून कागदावर काढलं होतं आणि काढताना दोनदा बाथरूममध्ये जाऊन रडून आले होते.

आईनं मला बजावलं होतं, "ताईला यातलं एक अक्षर कळता कामा नये."

"का पण? बहीण आहे ती तुझी."

"बहीण आहे म्हणूनच. ती जन्मभर माझ्यावर जळलीय. उद्या तिनं माझी कीव केली तर मी आत्ताच झोपून जाईन आणि उठणारच नाही."

आता हे जळणं म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर मावशी तुम्हाला नुसती खाष्ट वाटेल. तशी ती प्रेमळ आहे. माझे लहानपणीचे सगळे फ्रॉक तिनं शिवले. आजारपणात रात्र रात्र बसेल, हातचं काम टाकून धावत येईल. फक्त आईला काही मिळालं की तिच्या जिवाचा तिळपापड होतो. आईनं फ्रिज घेतला की मावशीचा जुना फ्रिज त्याच आठवड्यात बिघडायचा. आईच्या घराला लिफ्ट आली तेव्हा मावशी महिनाभर जिन्यानं चढून वर यायची आणि घामाघूम होऊन म्हणायची, "मला नाही बाई तसली सवय लावून घ्यायची." आईला चष्मा लागला तर ही चार दिवसांत चष्मा घालून हजर. मी तो घालून पाहिला. साध्या काचा होत्या. पुढे आईचं अपेंडिक्स काढलं तेव्हा मावशी भेटायला आली ती हेच सांगत की माझंही दुखत होतं, पण मी कधी कुणाला बोलले नाही.

आईही काही कमी नव्हती. नवं काही आणलं की पहिला फोन ताईला. "सहज सांगितलं गं," असं म्हणायची, पण फोन ठेवल्यावर तिचा चेहरा बघावा! बाबा गेले तेव्हा सगळे आईकडे बिचारी म्हणून बघत होते. एकटी मावशी सतराशे कामं करता करता मला म्हणाली, "तुझ्या आईला पांढरा रंग सुद्धा शोभतो, मेली." आई ते ऐकून त्या दिवसांत पहिल्यांदा हसली होती. मला तेव्हा फार विचित्र वाटलं होतं.

तर बाथरूम पाहून गेल्यावर मावशी तीन दिवस गायब. चौथ्या दिवशी माझ्या ऑफिसच्या दारात उभी.

"मला नकाशा काढून दे," ती म्हणाली. "छोटीचं, तुझ्या आईचं काढलंयस तसंच. तस्संच. दार, फळी, दांडे, तिरका आरसा, सगळं."

"मावशी, कुठे करणार? तुमच्या बेडरूमला लागून जागाच नाही."

"शिवणाची खोली आहे की."

मी कपाळाला हात लावला. तिची शिवणाची खोली म्हणजे तिचा जीव. घरात तेवढी एकच खोली दिवसभर उजेडाची. खिडकीला चिकटून मशीन, बाजूला कापायचं मोठं टेबल, त्याच्या कडेला कात्रीनं पडलेल्या चिरा. भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली कागदी कटिंगं, प्रत्येकावर पेन्सिलीनं गिऱ्हाइकाची खूण: 'एक खांदा खाली', 'लवकर जाड होते', 'घाईची'. काळ्यावर काळा दोरा तिला त्या खिडकीशी अजून बिनचष्म्याचा दिसतो. लग्नानंतर सासू, दीर, नणंदा यांच्या गर्दीत तिला स्वतःची म्हणून मिळालेली ही पहिली आणि शेवटची जागा. धाकटीवर जळून ती ती जागा फोडायला निघाली होती.

"आणि मशीन कुठे ठेवशील?"

"स्वयंपाकघराच्या बाजूच्या बोळात. ट्यूब आहे तिथे."

"अगं, तिथे भरदुपारी अंधार असतो!"

"तुझ्या आईच्या घरी सगळीकडे उजेड आहे म्हणून आम्ही अंधारात राहायचं नाही का?" या बोलण्याला अर्थ नव्हता, पण मावशीचं असंच असतं. घोडं एकदा अडलं की अडलं.

मी काकांकडे, म्हणजे मावशीच्या नवऱ्याकडे गेले. काका पेपर वाचत होते. ते म्हणाले, "बाळ, मी तिला म्हटलं होतं, अंथरूण पाहून पाय पसरावे. ती म्हणाली, अंथरूण मी शिवते, मला माहीत आहे ते केवढं आहे." आणि त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

मग मी आईला गाठलं. तिला सांगितलं की तुझ्या हट्टापायी ती तिची खोली घालवायला बसलीय, एका वाक्यानं हे थांबेल, तूच सांग नाहीतर मला सांगू दे. आई खिडकीबाहेर बघत राहिली.

"तस्संच हवंय म्हणाली?" तिनं विचारलं.

"हो. तिरक्या आरशासकट."

आईच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि मला इतका संताप आला की मी ओरडलेच. "तुला आवडतंय हे! ती स्वतःचं वाटोळं करतेय आणि तुला गोड लागतंय!"

"लागतंय," आई म्हणाली. "सकाळी मोजा घालायला मला तू लागतेस. डॉक्टर माझ्याशी बोलायचं सोडून तुझ्याशी बोलतात. शेजारीण लिफ्टचं दार धरून उभी राहते आणि 'सावकाश हं' म्हणते. या सगळ्या जगात एकच माणूस उरलंय ज्याला वाटतं मी नशीबवान आहे. तेवढं मला राहू दे."

तोंडात मिठाची गुळणी धरून बसले आणि मावशीच्या बाथरूमचा नकाशा काढला. मुद्दाम वेळकाढूपणा केला. मधली भिंत भार पेलणारी आहे म्हणाले, नव्हती. पाण्याचा उतार मिळत नाही म्हणाले, मिळत होता. दांडे नकोत, फळी नको, दार साधंच ठेवू म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी मावशी डोळे बारीक करून म्हणायची, "आईचं ते उत्तम आणि मावशीला मात्र साधं, नाही का गं?" पालथ्या घड्यावर पाणी.

मिस्त्रीही तिला आमचाच हवा होता. दुसरा कोण चालणार? त्याच हातांनी तस्संच व्हायला हवं. मला तेव्हाच धोका कळायला हवा होता, पण माझं लक्ष भिंतीकडे होतं.

मिस्त्री आले ती सकाळ. मावशीनं मशीनवर चादर टाकली होती. भिंतीवरची कटिंगं उतरवून एका पिशवीत भरली होती आणि खिळ्यांच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. मिस्त्रींनी रंगात बुडवलेली दोरी जमिनीवर ताणली, चिमटीत उचलून सोडली, आणि कापायचं टेबल असायचं त्या जागेच्या बरोबर मधून निळी रेघ उमटली. मावशीनं ती रेघ पायाच्या अंगठ्यानं पुसून पाहिली. मला वाटलं, आता थांबेल. थांबली नाही. "दार किती घेताय?" तिनं विचारलं. "तिकडच्याएवढंच घ्या. वाटल्यास बोटभर जास्त."

मिस्त्री नकाशा बघत होते. साधा माणूस. त्यांनी अगदी हळू, आदरानं विचारलं, "मावशी, तुमच्याकडे पण कुणी खुर्चीवर आहे का हो?"

"कसली खुर्ची?"

"चाकाची. नाही, म्हणजे तिकडच्या बाई पुढेमागे खुर्चीवर बसणार म्हणून आपण ते सगळं तसं केलं ना. दांडे, फळी. तिथली खुर्ची आली का?"

मावशी मिस्त्रींकडे बघत होती, मग नकाशाकडे, मग माझ्याकडे. तिचे हात टेपाच्या दोन्ही टोकांना होते. ती माझ्यावरची नजर न काढता म्हणाली, "मिस्त्री, जरा खाली जाऊन चहा घेऊन या तुम्ही."

ते गेले. तिनं दार लावलं.

"कधीपासून?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, आईनं काय बजावलं, मोजे, लिफ्ट, शेजारीण. मला वाटलं ती रडेल. ती मशीनच्या स्टुलावर बसली आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"तुला सांगितलं," ती म्हणाली. "आणि मला नाही?"

"मावशी..."

"मी तिला चालायला शिकवलंय! माझं बोट धरून चाललीय ती! तू काय, काल आलीस. तुझ्या आधी मी आहे. मिस्त्रीला माहीत, डॉक्टरला माहीत, शेजारणीला माहीत, आणि मी तिथे टेप घेऊन दारं मोजत होते?" तिनं गळ्यातला टेप ओढून काढला आणि माझ्या अंगावर फेकला. तो मला लागला नाही, पण तसलं काही मावशीनं माझ्यावर कधी फेकलं नव्हतं. "तिचे पाय तू धरतेस? सकाळी? तू?"

तेव्हा मला कळलं की ती माझ्यावर जळतेय. आईचं दुखणंसुद्धा माझ्या वाट्याला आलं आणि तिच्या नाही, म्हणून. मला हसू यायला हवं होतं. मी तिथेच खाली फरशीवर बसले, त्या निळ्या रेघेवर, आणि आम्ही दोघी रडलो.

बऱ्याच वेळानं मी नाक पुसून म्हटलं, "चल, एक बरं झालं. मिस्त्रींना परत पाठवते. मशीनवरची चादर काढ."

"का?"

"का म्हणजे? आता कशाला हवंय तुला हे?"

मावशीनं माझ्याकडे मी मंद असल्यासारखं बघितलं. "आणि छोटीला काय सांगू? परवापर्यंत टाइलचे रंग विचारायला फोन करत होते, आज अचानक नको? अगं, ती काय खुळी आहे? मी एखाद्या गोष्टीवर जळायची थांबले की तिला त्याच दिवशी कळेल मला कळलंय म्हणून." तिनं खिडकीकडे पाहिलं, फार वेळ नाही. "भिंत पाडायला सांग."

"मावशी, तुझी खोली जाईल."

"जाऊ दे ना. आणि उद्या ती माझ्याकडे राहायला आली तर अंघोळ कुठे करेल? तुझ्या नकाशावर?"

भिंत पडली. मी तो दिवस रजा टाकून तिथे होते, कारण मला वाटलं मावशीला कुणीतरी लागेल. तिला कुणी लागलं नाही. ती मिस्त्रींशी टाइलवरून भांडत होती आणि मधून मधून आईला फोन करत होती. "तुझी फरशी करड्या रंगाची ना? शी, मळकट दिसते. मी हिरवी घेतलीय." पलीकडे आई चिडून काहीतरी बोलत असणार, कारण मावशीचा चेहरा उजळायचा. मशीन बोळात गेली. ट्यूबखाली ती सुईत दोरा ओवायला तीन तीन वेळा जिभेवर दोरा ओला करायची. मी विचारलं तर म्हणायची, "दोराच वाईट आलाय हल्ली." काही काळ्या कपड्यांची कामं तिनं परत पाठवली. तेही मला काकांकडून कळलं.

बाथरूम पूर्ण झालं तेव्हा आई बघायला आली. माझ्या हाताच्या आधारानं, दुसऱ्या हातात काठी. जिन्यावरच तिनं जाहीर केलं, "पाय मुरगळलाय. काही नाही विशेष."

"मुरगळला?" मावशी वरून म्हणाली. "माझा मागे मुरगळला होता तो तुझ्याहून जास्त. मी नव्हती घेतली काठी." आणि हे म्हणताना तिनं रेलिंग इतकं घट्ट धरलं होतं की तिची बोटं पांढरी पडली होती. ती पुढे आली नाही. आई जिना चढून वर येईपर्यंत तिथेच उभी राहिली, तोंडानं काठीची टिंगल करत.

मग दोघींनी बाथरूम पाहिलं. म्हणजे भांडल्या. मावशीचे दांडे आईला स्वस्तातले वाटले. आईच्या फळीला मावशीनं बाकडं म्हटलं. हिरवी फरशी पाहून आई बराच वेळ काही बोलली नाही आणि मावशीनं माझ्याकडे असा विजयी कटाक्ष टाकला की मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. आई हळू आवाजात मला म्हणाली, "आपण का नाही गं घेतली हिरवी?" आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा उतरला होता. खरोखर जळत होती ती. मी तिला इतकं टवटवीत कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"मला जरा एकटीला बघू दे," आई म्हणाली. "दार लोटून घ्या."

आम्ही बाहेर आलो. काका, मावशी आणि मी. मी दाराला लागून उभी राहिले, सवयीनं. घरी फळीवरून उठताना तिला माझा हात लागतो. ती हाक मारत नाही, हाक मारणं तिला कमीपणाचं वाटतं. नुसतं खोकते आणि मी जाते. मी खोकल्याची वाट बघत होते. आत नळ सुरू झाला, बंद झाला. मग फळी करकरली. मग काहीच नाही. फार वेळ काहीच नाही. मावशी समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"ताई," आतून आवाज आला. "ए ताई. ये गं जरा."

मी दाराला हात लावला होता. मावशीनं मला दंडाला धरून बाजूला केलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

"एवढी खाली कुणी बसवतं का फळी?" आई आत म्हणत होती. "माणूस उठणार कसं?"

"तुझ्याच मापाची आहे. धर मला. अशी नाही, गळ्यात हात टाक."

"गळ्यातला तो टेप काढ आधी, टोचतोय."

"राहू दे. हं, ऊठ. उठलीस की नाही?"

काका म्हणाले, चहा टाकतो. मी म्हटलं, टाका. एवढे महिने मी तिचे पाय उचलले, मोजे चढवले, रात्री तिच्या खोलीचं दार उघडं ठेवून झोपले, आणि तिनं हाक मारली ती मावशीला. मला मावशीचा इतका हेवा वाटला की बोळातल्या त्या मशीनपाशी जाऊन बसावं लागलं. आत त्या आता आरशावरून भांडत होत्या.